पाणी म्हणायच्या आत पाणी

४ नोव्हेंबर, सोमवार

लिही, देसांका. वरती तारीख घातलीस ना? नाही? मग घाल की.

देसांका माझी शेजारीण. जन्मभर टपालखात्यात दुसऱ्यांची पत्रं हाताळली, आता घरी बसली तर हात शिवशिवतात. तिच्याकडे बियाणंवाल्यांनी दिलेली एक डायरी कोरीच पडून होती. ती लिहिणार, मी बोलणार, कॉफी माझी, असं ठरलंय. मला अक्षर येत नाही. शाळा नदीच्या पलीकडे होती आणि मेंढ्या अलीकडे, एवढंच.

आजच सुरुवात का, तर परवा पितरांचा शनिवार झाला. सगळा गाव वरती टेकडीवर, आपापल्या माणसांपाशी. शिजवलेले गहू, मेणबत्त्या, घरच्या राकिया दारूची बाटली. मी नेहमीप्रमाणे माझ्या नवऱ्याच्या, स्वेतोझारच्या दगडापाशी बाकावर बसले, त्याला कॉफी ओतली आणि वर्षाचं सगळं सांगितलं. कोणाचं लग्न झालं, कोणाची गाय मेली, पुलाचं काम कसं पुन्हा अडलं. तो ऐकतो. जिवंतपणी नाही ऐकलं, आता जातो कुठे?

माझी नातसून शेजारी उभी होती, हातात मेणबत्ती धरून. अनालिन तिचं नाव. समुद्रातल्या कुठल्या बेटावरची, फिलिपिन्सकडची. माझा नातू मिल्यान मोठ्या बोटीवर काम करतो, तिथेच ही भेटली, तिथेच लग्न. सप्टेंबरात तिला माझ्याकडे सोडून तो परत बोटीवर गेला. पोरगी गोड आहे. क्रूस आमच्या उलट्या बाजूनं काढते, पण काढते.

तर मी बोलत होते आणि माझं लक्ष दगडावरच्या माझ्याच फोटोकडे गेलं. स्वेतोझार गेला तेव्हा मी आम्हा दोघांचं एकदमच कोरून घेतलं, त्याचा फोटो, माझा फोटो, दोघांची नावं. माझं मरणाचं साल तेवढं कोरं आहे. आणि मनात आलं, मी एकदा त्या फोटोच्या मागे जाऊन पडले की मग इथे बाकावर बसून आम्हाला सांगणार कोण? मुलगा आणि सून तिकडे ऑस्ट्रियात, लिंझला, ऑगस्टात येतात आणि घड्याळ बघतात. मिल्यान चार माणसांतही बोलत नाही, तर दगडाशी काय बोलणार! उरली ही. आणि हिला येतात तीन शब्द. नमस्कार, धन्यवाद, पोट भरलं.

दुसरं म्हणजे ही शिकलेली नर्स आहे. आमच्या दवाखान्याला नर्स नाही, डॉक्टर बुधवारी येतो आणि स्वतःच सुया उकळतो. हिला ती जागा देतील. पण फेब्रुवारीत नीशला जाऊन सर्बियनची परीक्षा पास व्हायला हवी. नाही झाली तर, मिल्यान फोनवर म्हणाला, "आजी, नाही जमलं तर आम्ही दोघं माल्टाला. तिथे इंग्रजी चालतं." जणू माल्टा म्हणजे पिरोतच्या पुढचा थांबा.

म्हणून ठरवलंय. हिला मी शिकवणार. माझ्याइतकं बोलणारं या गावात आहे कोण?

देसांका हसली. हे लिहू नकोस.

१२ नोव्हेंबर

हिच्याकडे पुस्तक आहे. पुस्तकानं हिला घाबरवून सोडलंय. आधी तर आमची अक्षरं दोन तऱ्हेची, एक आपली जुनी आणि एक लॅटिन. एकच शब्द दोन प्रकारे लिहायचा. मला एक जमलं नाही, हिला दोन शिकायचीत. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

मग नावं. पुस्तकात म्हणे प्रत्येक नावाची सात रूपं. माझंच नाव घे, स्तामेना आली तर एक, स्तामेनाला दिलं तर दुसरं, स्तामेनाबरोबर गेलं तर तिसरं. ही मुलगी बोटं मोजत स्वयंपाकघरात फिरते. मी म्हटलं, अगं, आमच्याकडे दोन-तीनात भागतं, एवढा खर्च कशाला? तर देसांका म्हणते, "काकू, आपल्या डोंगरातल्या बोलीत भागतं. बेलग्रेडमध्ये हसतात आपल्याला." म्हणजे जन्मभर मी चुकीचं बोलतेय, आणि हे मला समुद्रापलीकडच्या पोरीच्या पुस्तकातून कळायचं होतं.

आणि क्रियापदं. प्रत्येक कामाला दोन. एक, माणूस करत बसला त्याचं. दुसरं, करून मोकळा झाला त्याचं. हिला फरक कळेना. मी म्हटलं, बघ, माझा स्वेतोझार अख्खं आयुष्य छप्पर दुरुस्त करत होता. ते पहिलं. दुसरं त्यानं कधी वापरलंच नाही. तिला यातलं काही कळलं नसणार, पण माझा चेहरा बघून हसली.

शिकवणं मला जमतंय.

२६ नोव्हेंबर

सॉसेज घातले. शेळीच्या मांसाचे, वरच्या पडवीत वाऱ्याला टांगलेत. दर दोन दिवसांनी खाली काढायचे, फळीवर ठेवायचे आणि बाटलीनं लाटून चपटे करायचे. इस्त्रीच ती. अनालिनचा हात चांगला बसतो. मी बाटली फिरवत तिला सगळ्याची नावं सांगत गेले. मांस, मिरची, लसूण, दोरी, वारा. मग माझ्या सासूनं पहिल्या वर्षी माझे सॉसेज कसे कुत्र्याला घातले ते सांगितलं. मग सासूचं बाकीचं. संध्याकाळ झाली. तिनं अधूनमधून तोंड उघडलं, पण तिला काय हवंय ते मला आधीच कळतं. दोरी म्हणायच्या आत दोरी, मीठ म्हणायच्या आत मीठ. असा माझा हात आहे.

गावही चांगलं आहे. ल्युबेनच्या दुकानात ती शिरली, "मला..." एवढंच म्हणाली, तर ल्युबेननं पाव, दूध, यीस्ट सगळं समोर मांडलं, वर एक चॉकलेट आपल्याकडून. मिलुंकाच्या घरी गेली तर बसायच्या आत चमचाभर मुरांबा आणि पाण्याचा ग्लास. मग कॉफी, मग पुन्हा मुरांबा. परक्या मुलुखातल्या पोरीला आपल्या दारात काही मागावं लागलं तर आपण माणसं कसली?

तरी बोलत का नाही, हे मला कळत नाही. देसांकाला म्हटलं, मला वाटतं थोडी मंद आहे.

देसांकानं चष्म्यावरून बघितलं माझ्याकडे. आणि निमूट लिहून घेतलं. तिची सवय आहे, टपालातली. दुसऱ्याचं पाकीट उघडायचं नाही.

१० डिसेंबर

बर्फ. अनालिननं ते हातात घेतलं, चाखलं, आणि तोंड वाकडं केलं. बहुतेक गोड असेल असं वाटलं असेल तिला.

रोज दुपारी जेवण झालं की ती टेकडीवर जाते. मोबाइलला रेंज फक्त वरती दफनभूमीतच मिळते, आमच्या पितरांची सोय जिवंतांपेक्षा चांगली आहे. जाऊ दे, नवऱ्याशी बोलत असेल. थर्मासमध्ये कॉफी भरून नेते. इतक्या थंडीत एवढा वेळ काय बोलतात देव जाणे. मिल्यान तर घरी असताना दिवसाला दोन वाक्यं बोलायचा, त्यातलं एक शेळीशी.

९ जानेवारी

आमचा ख्रिसमस झाला, सात जानेवारीचा. मिल्यानचा घरातल्या जुन्या तारेच्या फोनवर फोन आला, माझ्याशीही बोलला. "आजी, कशी चाललीय भाषा?"

मी म्हटलं, "ऐकते छान."

"बोलते का?"

"मी बोलते ना."

मग तो म्हणाला, माल्टाच्या हॉस्पिटलचं उत्तर आलंय, मार्चपासून घेतात. आता नीशच्या परीक्षेवर आहे.

फोन ठेवला आणि मी चुलीत लाकूड घातलं, जरुरीपेक्षा जास्त. मला काय? दोघं गेले तर जातील. शेळी आहे, देसांका आहे. घर उबदार आहे.

अनालिनला म्हटलं, माल्टाला बर्फ नाही म्हणतात. ती म्हणाली, "हो." मग म्हणाली, "आजी, मी..." आणि मी तिला शाल दिली, कारण तिला थंडी वाजत होती ते मला दिसत होतं. शाल हातात घेऊन ती माझ्याकडे बघत बसली.

१५ जानेवारी

देसांका, आज सावकाश लिही. आज मला नीट सांगायचंय.

दुपारी ती गेली वरती. मी भांडी पुसत होते, बघते तर फोन खिडकीत, चार्जिंगला. मग ही वर जाऊन कोणाशी बोलते? डोक्यात नको नको ते आलं. या वयात डोकं दुसरं काही आणतच नाही. काठी घेतली, स्वेतोझारचे जुने बूट चढवले आणि निघाले.

टेकडी चढायला मला किती वेळ लागला ते विचारू नकोस. वर पोचले आणि अक्रोडाच्या झाडामागे थांबले, दम घ्यायला. आवाज आला. बाईचा, हळू, एकसारखा. आपल्या भाषेत.

अनालिन आमच्या बाकावर बसली होती, गुडघ्यावर घोंगडी. दगडावर दोन कप कॉफी, एक तिचा, एक त्याचा. आणि ती स्वेतोझारला सांगत होती.

"आजोबा, आज सॉसेज झाला. नाही. आज सॉसेज झाले. ल्युबेननं नवीन कुत्रा आणलंय. आणला. त्याला एक कान नाही." मग थांबली. जणू तो विचारतोय, कुठला कान? "डावा," ती म्हणाली.

असं ती बोलत होती. एक वाक्य अर्धं घ्यायची, मोडायची, मागे जायची, परत उचलायची. रस्ता चुकलेली शेळी जशी वाट शोधते, तशी. कोणी हाकलत नव्हतं. तो दगडावर फोटोतून बघत होता, अगदी शांत, टोपी सरळ. मी इतक्या वर्षांत तिच्या तोंडून जितके शब्द ऐकले नाहीत... वर्षं कसली, महिनेच झालेत. पण तसं वाटलं.

तिचा एक शब्द चुकला. मी झाडामागून बोलणारच होते, हातमोजा दातात धरला.

मग ती म्हणाली, "आजोबा, आजी फार चांगल्या आहेत." बरं वाटलं. "मला काही मागावंच लागत नाही. पाणी म्हणायच्या आत पाणी येतं. म्हणून मला पाणी म्हणायला येत नाही. सगळे माझं वाक्य संपवतात. तुम्ही नाही संपवत." आणि दगडावरच्या माझ्या फोटोकडे बघून, मान जरा खाली घालून म्हणाली, "माफ करा, आजी."

मी आले तशी खाली गेले. आवाज न करता. स्वेतोझारचे बूट दोन नंबर मोठे आहेत, सोपं नव्हतं.

आता मी विचारते देसांकाला, ही चहाडी नाही का? माझ्या नवऱ्याकडे? आणि तो बघ कसा. बसला ऐकत. जिवंत असताना मी एक वाक्य सुरू केलं की याला गोठ्यात काम आठवायचं.

देसांका काय म्हणाली ते लिही. लिही म्हणते ना. ती म्हणाली, "काकू, त्या पोरीनं तुमच्याकडे पहिल्यांदा काही मागितलंय."

१७ जानेवारी

ठरवलं. उपाय आहे, आणि सोपा आहे. तिला काहीच आपणहून द्यायचं नाही.

सकाळी ल्युबेनकडे गेले. "ती आली की छताकडे बघायचं. पूर्ण वाक्य आल्याशिवाय पावाला हात लावायचा नाही."

"स्तामेनाकाकू, लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे मीच ना!"

मग मिलुंकाकडे. मिलुंकाला सांगितलं, मुरांबा नाही, पाणी नाही, कॉफी नाही, बस म्हणायचं नाही. ती मागेल तेव्हा. मिलुंका रडायलाच लागली. "माझ्या दारातून माणूस कोरडं जाणार? माझी सासू थडग्यातून उठून येईल." मी म्हटलं, येऊ दे, तिलाही काही देऊ नकोस.

घरी मी पाण्याचा तांब्या माझ्या खुर्चीमागे ठेवला.

२१ जानेवारी

काल मिलुंकाकडे काय झालं ते मला मिलुंकाच्या नणंदेनं सांगितलं. अनालिन गेली, सगळ्या बायका बसलेल्या. कोणी उठलं नाही. कोणी काही बोललं नाही. मुरांब्याची बरणी टेबलावर, झाकण घट्ट. मिलुंका घामाघूम, एप्रनच्या टोकाशी खेळत. अनालिन दारात उभी राहिली, सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं, म्हणाली, "पोट भरलं, धन्यवाद," आणि निघून आली.

आज दुपारी ती टेकडीवर गेली नाही. वरच्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बॅगेच्या चेनचा. मी खाली चुलीपाशी बसून होते. जिना चढावासा वाटला. पण चढून काय करणार, बोलणारच ना?

मग ती खाली आली. बूट घातलेले, जाकीट घातलेलं. आणि फुटली.

"मी काय केलं? ल्युबेन छत बघतो! मिलुंकाच्या घरी मी आली, कोणी बस म्हणत नाही, चमचा नाही, पाणी नाही! मी घाण आहे? मी चोर आहे? सांगा ना!"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी चुलीची दांडी दोन्ही हातांनी धरली.

"तुम्ही मला बाळासारखं भरवता, आणि मग सगळ्यांना सांगता, ही बोलत नाही. मी बोलते! मी सुरू करते, तुम्ही शाल देता! मला शाल नको होती. मला सांगायचं होतं, मला माल्टाला जायचं नाही. माल्टाला पण मी एकटी, सगळीकडे एकटी. मिल्यान बोटीवर बसून म्हणतो, शिक, शिक. त्यानं शिकावं माझी भाषा! माझी आई फोनवर विचारते, काय खातेस, मी म्हणते, चपटे सॉसेज, ती रडते!"

असं कितीतरी. अर्धे शब्द पुस्तकातले, अर्धे माझे, आणि मध्येच एक शिवी, ती स्वेतोझारची होती. ती तिनं माझ्याकडूनच उचलली असणार, दुसरं कोण? सात रूपांतलं एकही जागेवर नव्हतं आणि मला एकूण एक कळलं.

ती थांबली. मी विचारलं, "झालं?"

"नाही!" म्हणाली, आणि परत सुरू झाली.

दुसऱ्यांदा थांबली तेव्हा तिचा आवाज बसला होता. म्हणाली, "पाणी. मला पाणी हवंय."

मी उठले. मग परत बसले. "कुठलं?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की जळून जावं. "गार. विहिरीचं. मोठ्या ग्लासात. नळाचं नको."

दिलं. ती उभ्यानं प्यायली. मग मी सांगितलं की गावाला मीच सांगून ठेवलंय.

"असं करायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच."

"मी?"

"स्वेतोझारला सांगितलंस ना, पाणी म्हणायच्या आत पाणी येतं म्हणून."

तिचे कान लाल झाले. "तुम्ही ऐकलंत?"

"माझाच नवरा आहे."

आधी ओठ हलले, मग ती खाली बसली, जाकिटासकट, आणि हसायला लागली, आणि मग रडायला, आणि दोन्ही एकदम. तेवढ्यात दार उघडलं. मिलुंका. एप्रनखाली मुरांब्याची बरणी, डोळे सुजलेले. "स्तामेना, तू काय वाटेल ते म्हण, मी नाही जगू शकत असं," म्हणाली आणि चमचा थेट अनालिनच्या तोंडात घातला.

तर आता नवीन नियम, गावभर सांगितलाय. मुरांबा द्यायचा, वाक्य द्यायचं नाही.

३ फेब्रुवारी

हे फार अवघड आहे. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

ती वाक्य सुरू करते. मध्यावर येते आणि थांबते. तो शब्द मला दिसतो, समोर टांगलेल्या सॉसेजसारखा, नुसता हात वर करायचा अवकाश. आणि मी बसून राहायचं! शेवटी युक्ती काढली. खिशात वाळलेल्या आलुबुखारांच्या बिया ठेवते. तिनं तोंड उघडलं की मी एक बी माझ्या तोंडात घालते. काल रात्रीच्या जेवणापर्यंत गालात तीन झाल्या. ती म्हणाली, "आजी, तुम्ही खारीसारख्या दिसता." खार हा शब्द मी तिला शिकवलेला नाही.

टेकडीवर अजून जाते. मी विचारत नाही काय सांगते. पण काल तिनं आपणहून सांगितलं, दगडावरची अक्षरं वाचली. सगळी, जुनी लिपी. मग बर्फावर काठीनं माझं नाव काढून दाखवलं अंगणात. मी बघितलं. बरंच लांब आहे. मला वाटायचं मी छोटी आहे.

१९ फेब्रुवारी

काल नीश. ल्युबेननं आपल्या गाडीतून नेलं, दुकान बंद ठेवून. मी दाराबाहेर बाकावर बसले. निघताना तिला सांगितलं, घाबरू नकोस, समोर बसलेले सगळे मेलेत असं समज.

तिनं काय झालं ते परतीच्या वाटेवर सांगितलं, सगळं तिच्या तोंडून, पिरोत येईपर्यंत. ल्युबेन मध्ये बोलायला गेला, मी त्याच्या मांडीला चिमटा काढला. गाडी जरा हलली.

तीन परीक्षक होते. लिहायचं बरंच चुकलं असेल, ती म्हणाली. मग बोलायचं. एक चष्मेवाली बाई म्हणाली, दिवसभरात काय करता ते सांगा. हिनं सांगितलं. सॉसेज, शेळी, बर्फ, ल्युबेनचा एका कानाचा कुत्रा. चष्मेवालीनं लेखणी खाली ठेवली.

"तुम्ही आमच्या डोंगरातल्या म्हाताऱ्यांसारखं बोलता. कुठे शिकलात?"

"आजेसासऱ्यांकडे."

"अच्छा! शिक्षक आहेत का ते?"

"नाही, वारलेत."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. हिला वाटलं, काही चुकलं, म्हणून नीट समजावलं. "पुष्कळ वर्षं झाली. पण फार शांतपणे ऐकतात."

निकाल शुक्रवारी फोनवर कळवणार.

मी विचारलं, "आणि माझं नाव नाही घेतलंस?"

"घेतलं. सांगितलं, आजींनी पाणी मागायला शिकवलं."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी ती फोन घेऊन वर गेली. मी खिडकीत. बऱ्याच वेळानं उतरली. चेहऱ्यावर काही नाही, चहाच्या किटलीसारखा चेहरा.

"काय म्हणाले?"

"उद्या सांगते."

"उद्या?"

"उद्या पितरांचा शनिवार आहे. आधी आजोबांना."

मी तिला म्हटलं, तुला माहीत आहे का मी कोण आहे? ती म्हणाली, हो, आणि गहू निवडायला बसली. तिची बॅग वर खोलीत आहे, रिकामी का भरलेली हे मला माहीत नाही. देसांका म्हणते, वर जाऊन बघा. मी कशी बघू? मी काय दुसऱ्यांची पाकिटं उघडते?

माझ्या गालात सध्या पाच बिया आहेत, म्हणून आज एवढंच.

२२ फेब्रुवारी, पितरांचा शनिवार

सगळा गाव वर. मी बाकावर बसले, मेणबत्ती लावली, गहू ठेवले. कॉफी ओतायला हात पुढे केला तर थर्मास अनालिनच्या हातात. म्हणाली, "आजी, तू बस. मी सांगते."

आजवर तुम्ही म्हणायची.

तिनं स्वेतोझारला कॉफी दिली, साखर घालून. मी आजवर बिनसाखरेची द्यायचे, डॉक्टरनं सांगितलं होतं म्हणून. मग सांगायला लागली. मिलुंकाची नणंद कंबरेनं आडवी पडली. पुलाचं काम पुन्हा अडलं. देसांकाची डायरी संपत आली. शेळी गाभण आहे. मी एकेक बातमी मनात धरून आले होते, ती माझ्या आधी पोचत होती. ल्युबेन आपल्या आईच्या थडग्यापाशी उभा राहून इकडे कान लावत होता. मिलुंकानं हातात चमचा धरला होता, पण जागची हलली नाही.

आणि मग, सगळ्यात शेवटी, कुत्र्याच्या बातमीसारखंच, म्हणाली, "आणि आजोबा, परीक्षा झाली. पास. सोमवारी कागद येईल. मार्चपासून मी दवाखान्यात. मिल्यानला सांगितलंय, माल्टाला तू एकटा जा. तो म्हणाला, मग मीच घरी येतो."

मग माझ्या फोटोकडे वळून तिनं मला सांगितलं. मी तिच्या शेजारीच बसले होते, पण तिनं फोटोलाच सांगितलं, परत पहिल्यापासून, सावकाश. सवय असेल.

त्यात एक शब्द चुकला. ठसठशीत चुकला, सात रूपांतलं भलतंच. माझ्या जिभेवर बरोबरचा होता. खिशात हात घातला, बी नव्हती, सगळ्या काल संपल्या.

मी स्वेतोझारकडे बघितलं. त्यालाही ऐकू गेलं असणारच. तो काही बोलला नाही.

मीही नाही बोलले. आत्तापासून सवय केलेली बरी.